घरात स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय? घरच्यांनी काय काय करायचं, पहिल्या दिवसापासून

ज्यांच्या घरात नुकतंच हे निदान झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः या उपचारांतून गेले आहे. घरच्यांच्या कोणत्या मदतीने खरंच हलकं वाटलं आणि कशाने ओझं वाढलं, हे मला अजून स्पष्ट आठवतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: तिची कामं तुमच्याकडे घ्या, तिचे निर्णय तिच्याकडे राहू द्या. बऱ्याच घरांत हे उलटं होतं. कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, कोणतं ऑपरेशन करायचं हे नवरा, भाऊ, दीर मिळून ठरवतात. आणि औषधं संपली का, मुलांची फी भरली का, उद्या कोण घरी असेल, हे सगळं तिच्याच डोक्यात फिरत राहतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हा आजार बरा होऊ शकतो. गाठ स्तनापुरती किंवा काखेपर्यंतच असताना सापडली, तर उपचार पूर्ण बरं करण्यासाठीच केले जातात, आणि बहुसंख्य बायका त्यानंतर वर्षानुवर्षं आपलं आयुष्य जगतात. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, पण स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये जेमतेम एक पुरुषाचा असतो. पुढे मी ‘ती’ म्हणत असले तरी तुमच्या घरात ‘तो’ असेल तर यातलं जवळजवळ सगळं त्यालाही लागू आहे.

पहिले काही दिवस: घाई कुठे करायची, कुठे नाही

निदान ऐकलं की उद्याच ऑपरेशन व्हावं असं वाटतं. पण स्तनाची गाठ एका रात्रीत तयार झालेली नसते. तपासण्या पूर्ण करायला, दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे लागले तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मात्र महिने घालवू नका. ‘आधी दुसरं काहीतरी करून बघू, नाही जमलं तर डॉक्टर’ या वाटेने गेलेल्या बायका उशिरा पोचतात, आणि तेव्हा उपचार जास्त कठीण झालेले असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा असा आग्रह असेल तर त्यांच्याशी बोलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावं. आजारी बाईला स्वतःच्या उपचारांसाठी घरात भांडायला लागू नये.

सुई टाकली की कॅन्सर पसरतो, ही भीती फार खोलवर बसलेली आहे. ती खोटी आहे. बायॉप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय, ती कोणत्या प्रकारची आहे हे कळतच नाही, आणि प्रकार कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही.

याच दिवसांत एक फाइल करा. त्यात बायॉप्सीचा रिपोर्ट, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, रोज घ्यायच्या औषधांची यादी, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि आधीची ऑपरेशनं तारखेनुसार ठेवा. सगळ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये हवेत. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून न्यायला लागू शकतात, म्हणून ते कुठे आहेत हे लिहून ठेवा. फाइल सांभाळणारा माणूस एकच असावा.

दुसरा माणूस फोन सांभाळणारा. नातेवाइकांचे फोन सुरू झाले की तीच हकीकत दिवसातून अनेकदा सांगायला लागते, आणि प्रत्येक वेळी ती नव्याने ऐकावी लागते. बहीण, नणंद, मोठा मुलगा, कुणी का असेना, एकाने हे काम उचलावं. कुणाला किती सांगायचं हे मात्र आधी तिला विचारा. काही जणींना सगळ्यांना मोकळेपणाने सांगायचं असतं, काहींना ऑपरेशन होईपर्यंत घराबाहेर कळायलाच नको असतं. दोन्ही बरोबर आहे.

रिपोर्ट वाचायला शिका

घरातल्या एकाने तरी हे नीट समजून घ्यावं, कारण पुढचे सगळे उपचार यावर ठरतात. स्टेज आणि ग्रेड या वेगळ्या गोष्टी आहेत. आजार किती पसरलाय ते स्टेज सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या, किती वेगाने वाढणाऱ्या दिसतात ते ग्रेड सांगते. ग्रेड ३ लिहिलेलं वाचून ‘तिसरी स्टेज’ समजून रडलेली घरं मला माहीत आहेत. ग्रेड ३ ची छोटी गाठ पहिल्या स्टेजची असू शकते.

मग तीन नावं बघा: ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीतले संदेश पकडणारे भाग) आणि हर-टू. पहिल्या दोनपैकी एक जरी पॉझिटिव्ह असेल तर गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, म्हणजे केमो असो वा नसो, पुढे काही वर्षं हार्मोनविरोधी गोळ्या येणार. हर-टू हा पेशीवरचा एक रिसेप्टर आहे. तो ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ असेल तर फिश नावाची आणखी एक तपासणी करून पक्कं ठरवतात. हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर एकेकाळी फार वाईट समजला जायचा. त्यावर नेमकं काम करणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि चित्र पालटलं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिथे केमोवर जास्त भर असतो, आणि काही जणींना आता इम्युनोथेरपीही (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारी औषधं) देतात.

शेजारणीच्या बहिणीला केमो लागली नाही मग हिला का, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा या तीन नावांत असतं. दोघींचा आजार एकाच नावाचा असला तरी एकच नसतो. आलेल्या-गेलेल्यांना हे घरच्यांनी शांतपणे सांगावं.

डॉक्टरांच्या खोलीत

तिच्याबरोबर एकच माणूस आत जावा, फार तर दोघं. एकाने लिहून घ्यायचं. भीतीने कान बंद झाल्यासारखे होतात. मला पहिल्या भेटीतलं जेमतेम अर्धं आठवत होतं आणि बाकीचं बहिणीच्या वहीत सापडलं. डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्डही करता येतं.

प्रश्न घरून लिहून न्या, आणि शक्यतो तिलाच विचारू द्या. कमीत कमी एवढे तरी असावेत: गाठीचा प्रकार आणि स्टेज काय? आधी ऑपरेशन की आधी केमो, आणि तसं का? स्तन वाचवता येईल का? काखेतल्या सगळ्या गाठी (लसिका ग्रंथी, जिथे आजार आधी पोचू शकतो) काढणार की फक्त पहिल्या एक-दोन तपासणार? हृदयाची, दातांची तपासणी आधी करायची का? रात्री-बेरात्री काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा?

आधी केमो सांगितली म्हणजे आजार हाताबाहेर गेलाय, असा अर्थ काढू नका. गाठ लहान करून मग काढणं, आणि औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांदेखत बघणं, यासाठी ती पद्धत वापरतात.

वय कमी असेल आणि मूल हवं असेल, किंवा पुढे हवं असण्याची शक्यता जरी असेल, तर ते पहिल्याच भेटीत बोला. केमोमुळे बीजांडांवर परिणाम होतो. बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ते केमो सुरू होण्याआधी करायला हवं. हा विषय घरात काढायला संकोच वाटतो, डॉक्टरही कधी कधी गडबडीत विसरतात, आणि वेळ निघून जाते. नवऱ्याने तो पुढे होऊन काढला तर तिला फार मोठा आधार वाटतो. उपचार चालू असताना मात्र गर्भ राहता कामा नये, आणि त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. हार्मोन नसलेला उपाय डॉक्टरांना विचारा.

स्तन ठेवायचा की काढायचा

घरच्यांचा हस्तक्षेप सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं काढलं जायचं. अनेक दशकं तेच चाललं. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी मोठे अभ्यास केले. २००२ साली दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लवकरच्या अवस्थेत फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या.

म्हणजे ‘सगळं काढून टाकलं की सुरक्षित’ हे वाटणं समजण्यासारखं असलं तरी आकडे तसं सांगत नाहीत. काही वेळा पूर्ण स्तन काढावाच लागतो: गाठी अनेक ठिकाणी असतील, रेडिएशन देता येत नसेल, स्तनाच्या मानाने गाठ मोठी असेल. पण दोन्ही पर्याय खुले असतील तर निर्णय तिचा. ‘आता या वयात काय करायचंय ठेवून’ हे वाक्य कुणी उच्चारू नये. साठीतल्या बाईलाही आपलं शरीर आपलं वाटतं. तसंच, तिला पूर्ण काढून मोकळं व्हायचं असेल तर ‘वाचत होता की’ असंही नंतर कुणी म्हणू नये. पुन्हा स्तन घडवण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी किंवा नंतर होऊ शकते, आणि नको असेल तर कपड्यांच्या आत घालायचे कृत्रिम स्तन मिळतात. काही जणी सपाट छातीनेच सुखाने वावरतात.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर

बहुतेक वेळा एक-दोन ड्रेन, म्हणजे जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, लावूनच घरी पाठवतात. ती नळी रिकामी करायला, पाणी मोजायला आणि वेळ घालून लिहून ठेवायला घरातल्या एकाने नर्सकडून शिकून घ्यावं. चोवीस तासांतलं पाणी साधारण ३० मिलीच्या खाली आलं की ड्रेन काढतात, म्हणून हा हिशेब नीट हवा. पाणी अचानक लाल झालं, पू दिसला, जखमेभोवती लाली पसरू लागली किंवा ताप आला तर लगेच फोन करा.

पुढून बटणं असलेले सैल कपडे काढून ठेवा. लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणा. हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या दिवसापासून सुरू झालेच पाहिजेत, नाहीतर खांदा आखडतो. सुरुवातीला फक्त मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं. ड्रेन निघाल्यावर भिंतीवर बोटांनी वर वर चढणं. तिच्याबरोबर उभं राहून तुम्हीही करा. ‘केलास का व्यायाम?’ असं विचारत राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही. अंगठी, बांगडी, बाही घट्ट वाटायला लागणं किंवा हात जड वाटणं ही पहिली खूण. लवकर दाखवलं तर पट्टी, स्लीव्ह (हातावर घालायची घट्ट बाही), विशिष्ट मसाज यांनी ती आटोक्यात राहते. त्या हाताला भाजणं, कापणं, किडा चावणं टाळा, आणि हात लाल व गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण त्या हाताने कायम काहीच करायचं नाही, हा जुना सल्ला आता मागे पडलाय. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, असं दिसलं.

पहिल्यांदा जखम बघणं अवघड असतं. कुणाबरोबर बघायची, एकटीने की नवऱ्याबरोबर, हे तिने ठरवावं. नवऱ्यांना एवढंच सांगेन की त्या वेळी भाषण करू नका. नजर वळवू नका. ड्रेसिंगला मदत लागेल तर करा.

केमो: आठवड्यांचा हिशेब

केमो साधारण दर दोन किंवा तीन आठवड्यांनी असते. काही औषधं दर आठवड्याला देतात. प्रत्येक फेरीला एक ठरावीक चाल असते आणि ती पहिल्या फेरीतच वहीत टिपून ठेवली तर पुढचं नियोजन सोपं जातं. पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि थकवा. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी. मग जरा बरं वाटतं, आणि तेवढ्यात पुढची फेरी. पाहुणे, लग्नकार्य, मुलांची शाळेतली कामं या हिशेबाने ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थर्मामीटर घरात हवाच. केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला, अथवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही. त्याने ताप झाकला जातो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. दवाखान्याच्या नंबरवर फोन करा, केमो चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा आणि निघा. रात्री गाडी कोण काढणार, मुलांजवळ कोण थांबणार हे आधीच ठरलेलं असू द्या. हा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, आणि वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेक वेळा बरा होतो. या एका बाबतीत घरच्यांनी तिचं ‘जाऊ दे, सकाळी बघू’ ऐकू नये. निर्णय तिचे, असं मी वर लिहिलं त्याला माझ्या मते एवढाच अपवाद.

उलटीची औषधं उलटी झाल्यावर द्यायची नसतात, सांगितलेल्या वेळेला आधीच द्यायची असतात. फोनवर गजर लावा. त्यातल्या काही औषधांनी बद्धकोष्ठता होते. दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही तर विचारून औषध घ्या. तोंड आलं तर मऊ ब्रश, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. खाण्याचा आग्रह करू नका. थोडं थोडं, जास्त वेळा, पोळणार नाही असं, आणि शिजताना घरभर वास पसरणार नाही असं. कालपर्यंत आवडणारा पदार्थ आज नको होतो, चव धातूसारखी लागते. तो तुमच्या हातचा अपमान नाही.

काही केमो औषधं लाल रंगाची असतात आणि एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका. औषधाचा अंश साधारण ४८ तास शरीराबाहेर पडत असतो. त्या काळात उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घाला, फ्लश झाकण लावून दोनदा करा, खराब कपडे वेगळे धुवा. मिठी मारायला, शेजारी झोपायला, एका टेबलावर जेवायला काहीच हरकत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही.

हातापायांच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा, बटण लावता न येणं, हे डॉक्टरांना सांगा. बायका सहन करत राहतात आणि मग बधिरपणा टिकून बसतो. वेळेवर कळलं तर डोस बदलता येतो.

केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. उशीवर पुंजके सापडण्याआधीच कापून घ्यायचे का, विग हवा की रुमाल की काहीच नको, हे तिला ठरवू द्या. डोकं थंड ठेवणाऱ्या टोप्यांनी काही जणींचे केस बऱ्यापैकी टिकतात. तुमच्या केंद्रात ती सोय आहे का विचारा. ‘केस काय, परत येतील’ हे खरं आहे, तरी ते वाक्य तिने म्हणावं. तुम्ही म्हटलं की तिचं दुःख लहान केल्यासारखं होतं.

कुठलंही चूर्ण, काढा, सप्लिमेंट, भेट म्हणून आलेली ‘शक्तीची’ पावडर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. त्यातली काही औषधांचा परिणाम कमी-जास्त करतात, काही यकृताला त्रास देतात. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घ्यावी आणि सर्दी-खोकला असलेल्याने काही दिवस लांब राहावं.

कामं वाटून घ्या, कागदावर

‘काही लागलं तर सांग’ असं सगळे मनापासून म्हणतात. पण सांगण्याचं काम पुन्हा तिच्यावरच पडतं. त्याऐवजी ‘मंगळवारी मुलांना मी आणते’, ‘दर केमोला गाडी माझी’, ‘रविवारचे कपडे मी धुतो’ असं म्हणा आणि पाळा. भिंतीवर महिन्याचा तक्ता लावा. लांबच्या माणसांनाही कामं देता येतात: विम्याचे कागद भरणं, बिलं भरणं, अपॉइंटमेंट घेणं, तिला रोज पाच मिनिटं आजाराशिवाय दुसऱ्या कशाबद्दल तरी फोन करणं.

पैशाचं बोलणं पहिल्याच आठवड्यात करा. उपचार महिनोन्महिने चालतात, हर-टूचं औषध साधारण वर्षभर. विम्यात काय बसतं, दवाखान्याच्या समाजसेवा विभागाकडून काय मदत मिळते, कामावरून किती रजा मिळते हे एकाने शोधून काढावं. खर्चाच्या काळजीने ती मनातल्या मनात उपचार नाकारू लागते आणि घरच्यांना ते उशिरा कळतं.

मुलांना सांगताना

मुलांना कळतंच. दाराआडचे आवाज, अचानक आलेली मावशी, आईचे सुजलेले डोळे यांतून ती स्वतःच्या कल्पना रचतात, आणि त्या बहुधा सत्यापेक्षा भयंकर असतात. आजाराचं नाव घ्या. तो त्यांच्यामुळे झालेला नाही, लागण होणारा नाही, आणि आई दवाखान्यात असताना त्यांच्याजवळ कोण असेल, एवढं लहान मुलांना नक्की सांगा. केस जाणार हे आधी सांगा. ‘आई मरणार का?’ असं विचारलं तर खोटं वचन देऊ नका. ‘आई बरी व्हावी म्हणून डॉक्टर चांगली औषधं देताहेत, काही बदललं तर आम्ही तुला सांगू’ हे पुरतं. किशोरवयीन मुलींना स्वतःबद्दलही भीती वाटते, फक्त त्या विचारत नाहीत. घरातली सगळी कामं मोठ्या मुलीवर ढकलू नका.

रेडिएशन

इथे फार लिहायला नको. रोज थोडा वेळ, आठवड्याचे पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. काही जणींना आता याहून कमी. मशीनमधून बाहेरून दिलेल्या रेडिएशनने शरीर किरणोत्सर्गी होत नाही, बाळाला कुशीत घेता येतं. त्वचा लाल आणि हळवी होते: सैल सुती कपडे, सांगितलेलंच मलम, ऊन टाळायचं. थकवा शेवटी शेवटी वाढतो. खरी दमणूक रोजच्या येण्या-जाण्याची असते, म्हणून सोबतीच्या पाळ्या लावा.

उपचार संपल्यावर

शेवटची फेरी झाली की घर सुटकेचा श्वास टाकतं. माणसं आपापल्या कामाला लागतात, तक्ता भिंतीवरून उतरतो. आणि नेमकी तेव्हाच ती ढासळते. इतके दिवस रोज काहीतरी करायचं होतं; आता कुणी तपासत नाही, आणि प्रत्येक दुखण्यात आजार परत आलाय असं वाटतं. मला हा काळ केमोपेक्षा अवघड गेला. त्या वेळी बहिणीने सोबत येणं बंद केलं नाही, हे तिचं सगळ्यात मोठं करणं असं मी मानते.

थकवा महिनोन्महिने राहतो. नावं आठवत नाहीत, वाचलेलं लक्षात राहत नाही. हा उपचारांचा परिणाम आहे आणि बहुतेकींत हळूहळू कमी होतो. रोज चालणं हा थकव्यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय. आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट ठेवा, सुरुवात दहा मिनिटांनी करा, आणि बरोबर कुणीतरी जा.

हार्मोनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षं असतात, आणि आजार परत येण्याची शक्यता त्यांनी खरोखर कमी होते. तरी पुष्कळ जणी त्या मध्येच सोडतात, कारण त्रास होतो: अंगातून गरम वाफा, सांधेदुखी, झोप न लागणं, योनीचा कोरडेपणा, मनाची घालमेल. गोळी गुपचूप बंद करू नका. औषध बदलता येतं, त्रासावर उपाय असतात. टॅमॉक्सिफेन (यातलीच एक गोळी) चालू असताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, किंवा एका पायाला सूज येऊन दुखू लागलं, तर लगेच दाखवा. दुसऱ्या कारणासाठी, विशेषतः नैराश्यासाठी औषध सुरू होत असेल तर टॅमॉक्सिफेनबद्दल सांगा, कारण काही औषधं त्याचा परिणाम कमी करतात. पाळी गेलेल्यांना देतात त्या अरोमॅटेज इनहिबिटर गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता तपासायची असते. मूल हवं असलेल्या तरुण बायकांनी काही काळ गोळ्या थांबवून गर्भधारणेचा प्रयत्न केल्याचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. हा मार्ग डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

नवरा-बायकोचं जवळ येणं यावर घरात कुणी बोलत नाही. ती दूर होते कारण तिला आपण नकोशा झालो असं वाटतं. तो दूर राहतो कारण तिला दुखेल अशी त्याला भीती वाटते. दोघंही गप्प. हात धरण्यापासून, शेजारी बसण्यापासून पुन्हा सुरुवात करता येते. कोरडेपणावर साधे लुब्रिकंट चालतात. इस्ट्रोजेन असलेलं मलम मात्र विचारल्याशिवाय नको.

सांभाळणाऱ्याचीही तपासणी करा. तो नीट झोपतो का, जेवतो का, स्वतःची रक्तदाबाची गोळी घेतो का? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, मग ते तिचं असो वा त्याचं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

पुढची तपासणी आणि रक्ताची नाती

पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांची तपासणी, आणि स्तन शिल्लक असेल तर वर्षाला मॅमोग्राफी. काही त्रास नसताना दर वेळी पेट स्कॅन (सगळ्या शरीराचा स्कॅन) किंवा ट्यूमर मार्करचा (कॅन्सरच्या खुणा शोधणारी रक्ताची तपासणी) आग्रह धरू नका. त्याने आयुष्य वाढत नाही, आणि प्रत्येक रिपोर्टपर्यंत घर श्वास रोखून बसतं. नवी गाठ, आठवडे न जाणारी एकाच जागची हाडदुखी, सुका खोकला किंवा धाप, कारण नसताना वजन उतरणं, सतत वाढत जाणारी डोकेदुखी, कावीळ, यासाठी ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

कधी आजार दुसऱ्या अवयवात आढळतो. चौथ्या स्टेजला तो सहसा पूर्ण बरा करता येत नाही, पण औषधांनी अनेकींचा पुष्कळ काळ, काहींचा वर्षानुवर्षं, ताब्यात ठेवता येतो. तेव्हा वेदना, श्वास, झोप यांची काळजी घेणारी पॅलिएटिव्ह केअरची टीम सुरुवातीपासून सोबत घ्या. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते.

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण शंभरात पाच ते दहाच जनुकांतून आलेले असतात. कमी वयात निदान, दोन्ही स्तनांत आजार, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, किंवा घराण्यात बीजांडकोशाचा कॅन्सर, यातलं काही असेल तर जनुक तपासणीबद्दल विचारा. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांमध्ये दोष सापडला तर प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी असते. तो वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्या आणि आजीची माहिती मावशीइतकीच महत्त्वाची. तपासणी आधी आजारी व्यक्तीची करतात, आणि तिच्यात दोष सापडला तरच बहिणी, भाऊ, सज्ञान मुलं यांची. आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलून. दोष नसला तरी बहिणींनी आणि मुलींनी आपली मॅमोग्राफी कोणत्या वयापासून सुरू करायची हे तिच्याच डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारून घ्यावं आणि फाइलमध्ये लिहून ठेवावं.